दृष्टीवर टाकलेला भार

तेल्हाऱ्याच्या आकाशातून रात्री पुष्कळ विमाने जातात. मुंबईहून नागपूर-कोलकात्याकडे जाणारे आणि दिल्लीहून बंगळूर-हैदराबादकडे उतरणारे हवाई मार्ग विदर्भाच्या आकाशात एकमेकांना छेदतात. पावसाळा सरून आभाळ निवळले, की सातपुड्याच्या बाजूने येणारा एक दिवा आणि पश्चिमेकडून येणारा दुसरा दिवा एकाच बिंदूकडे सरकताना अंगणात बसलेल्या माणसांना दिसतात. काही क्षण सगळे बोलायचे थांबतात. दिवे एकमेकांना ओलांडून पुढे जातात आणि मग प्रश्न माझ्याकडे येतो, कारण हवाई वाहतूक नियंत्रणाची नोकरी करून मी गावी परतलो आहे हे येथे सर्वांना ठाऊक आहे. "काकाजी, या पायलटले थे दुसरं इमान दिसत असन नं?"

या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे आणि ते केवळ आमच्या अंगणातले नाही. डोळे उघडे असलेला, शिकलेला, सावध माणूस समोरून येणारी वस्तू पाहील आणि बाजूला होईल, हे आपण सगळेच धरून चालतो. विमानविद्येच्या आरंभीच्या काळात नियमांचीही उभारणी याच विश्वासावर झाली. तो विश्वास किती अपुरा आहे, हे समजण्यासाठी जगाने फार मोठी किंमत मोजली आहे. म्हणून या प्रश्नाला मी घाईने उत्तर देत नाही.

पहिले उत्तर सोपे आहे. त्या दोन विमानांनी एकमेकांना दिसण्याची गरजच नसते. पूर्वेच्या दिशेने जाणाऱ्या विमानाला विषम हजारांची उंची दिली जाते आणि पश्चिमेच्या दिशेने जाणाऱ्याला सम हजारांची. २७ नोव्हेंबर २००३ पासून आपल्या हवाई क्षेत्रात २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात दोन लगतच्या पातळ्यांमध्ये १,००० फुटांचे, म्हणजे सुमारे ३०० मीटरचे अंतर राखले जाते. ज्यांचे मार्ग एकमेकांना छेदतात त्यांच्या उंचीची किंवा वेळेची फारकत नियंत्रक आधीच करून ठेवतो. खालून जो एकच बिंदू वाटतो, तेथे वस्तुतः दोन निराळे मजले असतात. वैमानिक त्या क्षणी नकाशा पाहत असेल किंवा चहा पीत असेल, तरी काही बिघडत नाही.

दुसरे उत्तर कठीण आहे. जेथे अशी आधीची फारकत नसते, तेथे वैमानिकाच्या डोळ्यांवर भिस्त ठेवावी लागते. आणि हे डोळे या कामासाठी घडलेले नाहीत.

दोन जेट विमाने प्रत्येकी ताशी ९०० किलोमीटर वेगाने समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातील अंतर दर सेकंदाला अर्ध्या किलोमीटरने घटते. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने वैमानिकांसाठी प्रसिद्ध केलेल्या एका मार्गदर्शक पत्रकात पाहण्यापासून टाळण्यापर्यंतचा वेळ मांडून दाखवला आहे. वस्तू नजरेस पडणे, ती विमान आहे हे ओळखणे, ती आपल्यावरच येत आहे हे उमगणे, वळायचे कोणीकडे हे ठरवणे, हात हलणे आणि अखेर विमानाने त्या हाताला प्रतिसाद देणे, या सर्वांना मिळून साडेबारा सेकंद लागतात. त्यातील पाच सेकंद केवळ धोका उमगण्यात जातात. साडेबारा सेकंदांत ती दोन विमाने सहा किलोमीटरहून अधिक अंतर संपवतात. म्हणजे निदान सहा किलोमीटरांवरून समोरचे विमान दिसलेच पाहिजे. त्या अंतरावर सुमारे चार मीटर रुंदीचा विमानाचा पुढचा भाग डोळ्याशी जो कोन करतो, तो एका अंशाच्या साठाव्या भागाच्या जेमतेम दुप्पट असतो. निरोगी डोळ्याची सूक्ष्म भेद ओळखण्याची सीमा साधारणपणे एका अंशाचा साठावा भाग हीच आहे. शिवाय ही तीक्ष्णता साऱ्या दृष्टिक्षेत्रात नसते. ती मध्यभागीच्या सुमारे दोन अंशांपुरती असते. बाकीच्या आकाशात काही आहे किंवा नाही, हे कळण्यासाठी नजर तेथे नेऊन स्थिर करावी लागते. आकाश अफाट असते आणि नजर एका वेळी त्याचा एक कणच नीट पाहू शकते.

आणखी दोन गोष्टी आहेत. रिकाम्या, निळ्या आकाशाकडे पाहताना डोळ्याला टेकायला काही सापडत नाही आणि त्याचा फोकस आपोआप एक-दोन मीटरांवर येऊन विसावतो. वैमानिक दूर पाहत आहे असे त्याला स्वतःला वाटत असते, पण डोळा दूरचे पाहण्याच्या स्थितीत नसतो. दुसरी गोष्ट मला नेहमीच अधिक गंभीर वाटत आली आहे. सरळ मार्गाने, कायम वेगाने जी दोन विमाने एकमेकांवर आदळणार असतात, त्यांच्या काचेवर दुसऱ्याचा ठिपका जागचा हलत नाही. जो ठिपका काचेवरून सरकतो, तो बाजूने निघून जाणारा असतो. माणसाचा डोळा हालचाल टिपण्यात निष्णात आहे. पण नेमकी घातक वस्तूच येथे स्थिर राहते, लहान राहते आणि अगदी शेवटच्या काही सेकंदांत एकाएकी मोठी होते. ऑस्ट्रेलियाच्या हवाई सुरक्षा तपास विभागाने १९९१ मध्ये 'पाहा आणि टाळा' या तत्त्वाच्या मर्यादांवर एक अहवाल काढला होता. त्यात या साऱ्या मर्यादांची शांतपणे मांडणी केली आहे. नोकरीत असताना तो अहवाल मी पुन्हा पुन्हा वाचला. त्यात कोणाला दोष दिलेला नाही, केवळ मानवी शरीराची मोजदाद आहे. आणि म्हणूनच तो विसरता येत नाही.

३० जून १९५६ रोजी अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमाने २१,००० फुटांवर धडकली आणि १२८ माणसे मृत्यू पावली. त्या विरळ वाहतुकीच्या प्रदेशात एकमेकांना पाहून टाळण्याची जबाबदारी वैमानिकांवरच होती. त्या दुर्घटनेनंतर दोन वर्षांनी अमेरिकेत केंद्रीय विमानवाहतूक प्रशासनाचा कायदा झाला. पण २५ सप्टेंबर १९७८ रोजी सॅन दिएगोवर जे घडले, ते मला याहून अधिक बोलके वाटते. सकाळ होती, हवा स्वच्छ होती. उतरायला निघालेल्या बोईंग ७२७ च्या वैमानिकांना पुढे एक छोटे सेसना विमान असल्याचे नियंत्रकाने सांगितले होते आणि ते दिसल्याचे त्यांनी कळवलेही होते. मग ते नजरेआड झाले. ते कोठे गेले असावे याची चर्चा कॉकपिटमध्ये चालू राहिली, पण ती शंका नियंत्रकापर्यंत स्पष्ट शब्दांत पोहोचली नाही. टक्कर होण्याच्या १९ सेकंद आधी रडारकेंद्रातील यंत्राने धोक्याचा इशारा दिला होता. त्यावर कृती झाली नाही, कारण वैमानिकाने 'दिसले' असे सांगितलेले होते. १४४ माणसे गेली. यंत्र खरे बोलत होते. परंतु डोळ्यांनी आधीच ग्वाही दिलेली असल्याने यंत्राची साक्ष कोणी ऐकली नाही.

आपल्या देशात या विषयाचे नाव चरखी दादरी आहे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी, सहा वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास, हरियाणातील त्या गावाजवळच्या आकाशात सौदी अरेबियाचे बोईंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन ७६ ही विमाने एकमेकांवर आदळली. ३१२ आणि ३७, मिळून ३४९ माणसे. हवेतील टकरींमध्ये याहून मोठी जीवितहानी आजवर झालेली नाही. सौदी विमान दिल्लीहून नुकतेच उडाले होते. त्यात आखाती देशांत घरकाम, वाहनचालन, स्वयंपाक अशा कामांसाठी निघालेले गरीब लोक मोठ्या संख्येने होते. कोणी पहिल्यांदाच विमानात बसले असतील, कोणी रजा संपवून परतत असतील. ढाणी आणि बिरोहर या गावांच्या शेतांत दोन्ही विमानांचे अवशेष कोसळले आणि त्या अंधारात गावकरी कंदील-विजेऱ्या घेऊन तिकडे धावले.

मी तेव्हा एका विमानतळावर रात्रपाळीला होतो. बातमी आमच्याकडे तुकड्यातुकड्यांनी आली. त्या रात्री कोणी फारसे बोलले नाही. प्रत्येकाने आपल्या समोरच्या स्ट्रिपा, म्हणजे विमानांच्या नोंदींच्या पट्ट्या, नेहमीपेक्षा अधिक काळजीने मांडल्या, एवढेच मला आठवते.

पुढे न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशी आयोगासमोर सारा तपशील आला. दिल्लीत तेव्हा कार्यरत असलेले रडार प्राथमिक स्वरूपाचे होते. विमान कोठे आहे हे त्यावर दिसे, ते किती उंचीवर आहे हे दिसत नसे. उंची वैमानिकाने सांगायची आणि नियंत्रकाने ती मानायची. नागरी विमानांना येण्याजाण्यासाठी एकच चिंचोळा मार्ग उपलब्ध होता, कारण भोवतालचे आकाश संरक्षणदलांकडे होते. सौदी विमानाला १४,००० फुटांवर थांबायला सांगितलेले होते आणि ते थांबले. कझाक विमानाला १५,००० फुटांपर्यंतच उतरायची परवानगी होती. ते त्याखाली उतरत गेले. त्या विमानात नियंत्रकाशी इंग्रजीत बोलणारा रेडिओ ऑपरेटर वैमानिकांच्या मागे बसलेला होता आणि उंची पाहण्यासाठी त्याच्यापुढे स्वतंत्र उपकरण नव्हते. शेवटच्या क्षणी उंची चुकली हे लक्षात आले आणि विमान वर घेतले गेले. ते वर घेतले नसते, तर बहुधा ते सौदी विमानाच्या खालून निघून गेले असते.

या तपशिलात एक लहान संवाद आहे आणि तोच मला इतकी वर्षे सोडत नाही. नियंत्रकाने कझाक विमानाला सांगितले होते, की अगदी समोरून, चौदा मैलांवर, सौदी विमान येत आहे. दिसले की कळवा. किती मैलांवर, असे त्यांनी पुन्हा विचारले आणि पुन्हा त्यांना सांगण्यात आले. नियमाप्रमाणे ही सूचना अगदी योग्य होती. दोघांमध्ये १,००० फुटांचे अंतर दिलेले होतेच; 'दिसले की कळवा' ही त्यावरची जादा खबरदारी होती. पण मुख्य आधार, म्हणजे उंची, नकळत ढासळला होता आणि उरली होती ती केवळ ही खबरदारी. नोव्हेंबरची संध्याकाळ, ढग, आणि चौदा सागरी मैल, म्हणजे जवळजवळ २६ किलोमीटर. ते अंतर संपायला एक मिनिटाच्या आसपास वेळ लागला असेल. त्या ढगांत जगातील कोणतेही डोळे काही करू शकले नसते. त्या वेळी तिकडून येत असलेल्या एका अमेरिकी लष्करी विमानाच्या वैमानिकाने ढग आतून नारिंगी उजळल्याचे पाहिले. ती टक्कर डोळ्यांनी पाहून कळवणारा तो पहिला माणूस होता.

माझे वडील अकोला-खंडवा मीटरगेज मार्गावर नोकरीला होते. आमच्या तालुक्यातली अडगाव आणि हिवरखेड ही स्थानके त्याच मार्गावरची. रूळ एकच, वरची गाडी आणि खालची गाडी त्याच रुळावरून जायची. वेताच्या मोठ्या कडीला चामड्याची पिशवी बांधलेली असे आणि पिशवीत लोखंडी गोळा. हा गोळा ज्या ड्रायव्हरच्या हाती आहे, त्यालाच पुढच्या स्थानकापर्यंतचा रूळ वापरण्याचा अधिकार. दोन्ही स्थानकांतील यंत्रे विजेच्या तारेने अशी जोडलेली असत, की एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघतच नसे. लहानपणी मी वडिलांना विचारले होते, की ड्रायव्हर पुढे बघतोच ना, मग गोळा कशाला? ते म्हणाले होते, "बघते तो. पण गाडी थांबाले जेवढी जागा लागते, तेवढं लांबचं त्याले दिसत नाही."

या वाक्यात सारे शास्त्र आहे. थांबण्यासाठी किंवा वळण्यासाठी लागणारे अंतर दृष्टीच्या पल्ल्यापेक्षा मोठे झाले, की दृष्टीवर विसंबणे अन्यायाचे होते. रेल्वेने हे एकोणिसाव्या शतकातच ओळखले. ड्रायव्हर गुरे पाहतो, सिग्नल पाहतो, फाटक पाहतो. पण समोरून दुसरी गाडी येणार नाही याची हमी त्याच्या डोळ्यांकडून कोणी मागत नाही. विमानांच्या बाबतीत मात्र ती हमी आजही काही ठिकाणी डोळ्यांकडून मागितली जाते.

याला 'दृश्य विलगीकरण' म्हणतात. आंतरराष्ट्रीय नियमांत त्याला जागा आहे, विशेषतः विमानतळाच्या परिसरात. मनोऱ्यातील नियंत्रकाला दोन्ही विमाने सतत दिसत असतील, किंवा मागच्या विमानाच्या वैमानिकाने पुढचे विमान दिसते असे कळवून त्यापासून अंतर राखण्याचे स्वीकारले असेल, तर एरवीचे मोठे अंतर कमी करता येते. यामुळे धावपट्टीवर एका तासात अधिक विमाने उतरतात. त्यात गैर काही नाही. स्वच्छ दिवशी, दोनच विमाने असताना, एकाच दिशेने जाताना ही पद्धत उत्तम चालते आणि मीही ती पुष्कळदा वापरली आहे. पण वैमानिकाने 'ट्रॅफिक इन साइट', म्हणजे ते विमान दिसले, असे म्हटले, की नियंत्रकाच्या मनात काय घडते, ते मला ठाऊक आहे. खांद्यावरचा भार उतरतो. नजर पुढच्या जोडीकडे वळते. कर्तव्य संपले असे वाटत नाही, पण ते दुसऱ्याकडे गेले असे वाटते. त्या तीन शब्दांत जबाबदारीचे हस्तांतरण पूर्ण होते आणि ज्याच्याकडे ती जाते त्याच्याकडे ती पार पाडण्याचे साधन म्हणून डोळ्यांची एक जोडी तेवढी असते.

उमेदवारीच्या काळात मला एक ज्येष्ठ सहकारी लाभले. 'इन साइट' एवढे ऐकून ते कधी थांबत नसत. विमान कोणत्या बाजूला दिसते, किती अंतरावर वाटते, असा एक प्रश्न ते आणखी विचारत. एकदा ओळीने उतरणाऱ्या विमानांपैकी तिसऱ्याने पुढचे विमान दिसल्याचे सांगितले. त्यांनी प्रश्न विचारला आणि उत्तरावरून उघड झाले, की त्याला दिसत होते ते पहिले विमान. मधले त्याच्या नजरेत आलेलेच नव्हते. त्यांनी शांतपणे त्याला वळवले, पुन्हा रांगेत घेतले. नंतर ते मला म्हणाले, "वैमानिक खोटं बोलत नाही. त्याला जे दिसतं ते तो सांगतो. आपण दाखवतो तेच त्याला दिसतं आहे, हे आपलं गृहीत."

२९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीवर नेमके हे गृहीत कोसळले. विचिटाहून आलेले प्रवासी विमान धावपट्टीकडे वळत होते. सैन्याच्या हेलिकॉप्टरला नियंत्रकाने त्याची कल्पना दिली. ते दिसते आहे असे हेलिकॉप्टरमधून सांगण्यात आले आणि दृश्य विलगीकरणाची परवानगी मागून घेण्यात आली. खाली शहराचे असंख्य दिवे, समोर उतरणाऱ्या विमानांच्या दिव्यांची रांग. त्यांनी कोणता दिवा पाहिला, हे सांगायला कोणी उरले नाही. ६७ माणसे गेली. तपासाच्या आरंभीच उघड झाले, की हेलिकॉप्टरचा तो ठरलेला मार्ग आणि त्या धावपट्टीचा उतरण्याचा मार्ग यांत काही ठिकाणी जेमतेम ७५ फुटांचे उभे अंतर उरत होते. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळाजवळ विमान आणि हेलिकॉप्टर धोकादायकरीत्या जवळ आल्याचे १५,२१४ प्रसंग नोंदीत सापडले. त्यात एक सागरी मैलाहून कमी आडवे आणि ४०० फुटांहून कमी उभे अंतर होते. तपासयंत्रणेने अखेर हेलिकॉप्टरच्या मार्गाच्या आखणीवर आणि दृश्य विलगीकरणावर ठेवलेल्या अवाजवी विश्वासावर बोट ठेवले.

१५,२१४ हा आकडा मी वाचला तेव्हा मला त्या हेलिकॉप्टरमधील तिघांविषयी वाटले ते असे. वर्षानुवर्षे हजारो वेळा माणसांच्या डोळ्यांनी ती सदोष रचना सांभाळून घेतली होती. प्रत्येक वेळी ती निभावली, म्हणून ती सुरक्षित मानली गेली. एका रात्री डोळे चुकले आणि ती रचना करणाऱ्यांऐवजी पहिले बोट त्या तिघांकडे गेले. 'त्यांनी पाहायला हवे होते' हे वाक्य दुर्घटनेनंतर फार सहज उच्चारले जाते. ते ऐकणारा प्रतिवाद करायला हयात नसतो. मला ते वाक्य नैतिकदृष्ट्या अपुरे वाटते. जे काम मानवी शरीराच्या सीमेबाहेरचे आहे, ते त्याच्याकडून झाले नाही याला त्याचा प्रमाद म्हणणे हा कर्तव्याच्या कल्पनेचाच विपर्यास आहे. कर्तव्य सोपवणाऱ्याचेही एक कर्तव्य असते. आपण सोपवतो ते काम पार पडण्याजोगे आहे काय, हे त्याने आधी तपासायचे असते.

याचा अर्थ पाहणे निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. अमेरिकेतील लिंकन प्रयोगशाळेच्या प्रयोगांत असे आढळले, की दुसरे विमान कोठे आहे याची सूचना आधी मिळाली, तर शोधणारी नजर आठपट परिणामकारक ठरते. म्हणजे डोळ्याला सोबत हवी. चरखी दादरीनंतर दिल्लीत येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारे दुय्यम रडार आले आणि आपल्या आकाशात उडणाऱ्या मोठ्या विमानांना टक्कर टाळणारी स्वयंचलित यंत्रणा अनिवार्य झाली. ही यंत्रणा दुसऱ्या विमानाच्या ट्रान्सपाँडरशी, म्हणजे आपोआप उत्तर देणाऱ्या रेडिओ-यंत्राशी, परस्पर बोलते आणि 'वर जा' किंवा 'खाली जा' असा स्पष्ट आदेश देते. ढग असोत, रात्र असो. यंत्रही सर्वज्ञ नाही. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत युबरलिंगनजवळ यंत्राने एका विमानाला वर जायला सांगितले आणि नियंत्रकाने खाली. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले आणि ७१ जण गेले, त्यांत बहुसंख्य मुले होती. तेव्हापासून अशा प्रसंगी यंत्राचाच आदेश मानायचा, असा दंडक सर्वत्र पक्का झाला. जमिनीलगत, उतरताना, ही यंत्रणा असे आदेश देत नाही. आणि वॉशिंग्टनची टक्कर जमिनीपासून अवघ्या ३०० फुटांच्या आसपास झाली होती.

एक क्षेत्र असे आहे, की जेथे दृष्टीला पर्यायच नाही. ते म्हणजे जवळजवळ राहून केलेले संचलन-उड्डाण. १ ऑक्टोबर २००२ रोजी गोव्यात दाबोळीवर नौदलाची दोन इल्युशिन ३८ विमाने, आपल्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवाच्या दिवशी, एकमेकांवर आदळली आणि दोन्ही विमानांतील १२ नौसैनिक गेले. ते निष्णात होते, एकमेकांना पाहतच उडत होते. त्यांच्याविषयी लिहिताना मी एवढेच म्हणेन, की पाहणे आणि टाळणे यांच्यामध्ये जी वेळेची फट आहे, ती कौशल्याने अरुंद होते, बुजत नाही.

आता हा प्रश्न आमच्या वऱ्हाडात प्रत्यक्ष उतरला आहे. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. त्याच बेलोऱ्याला वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याचे एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केले. ३४ प्रशिक्षण विमाने आणि वर्षाला १८० वैमानिक असा तो संकल्प आहे. मला याचा मनापासून आनंद आहे. तेल्हारा, अकोट, दर्यापूरच्या मुलामुलींना आता हे शिक्षण घराजवळ दिसू लागेल. पण ज्या आकाशात शिकाऊ विमाने धावपट्टीभोवती फेऱ्या घेतील, त्याच आकाशात त्यांच्याहून वेगवान प्रवासी विमान उतरणार आहे. सराव उड्डाणांचे हे जग मुख्यतः डोळ्यांच्या आणि रेडिओच्या भरवशावर चालते, आणि ज्याचे डोळे त्यात कामी यायचे, तो नुकताच शिकू लागलेला असतो.

गावातला एक मुलगा या प्रशिक्षणाची तयारी करतो आहे. तो अधूनमधून माझ्याकडे येतो आणि काय पाहावे, कसे पाहावे हे विचारतो. आकाशाचे तुकडे पाडून एकेका तुकड्यावर नजर क्षणभर स्थिर करावी, काचेच्या दांड्यामागे काही लपले असेल म्हणून मान हलवून पाहावे, आणि जो ठिपका काचेवर जागचा हलत नाही त्याच्यावर संशय घ्यावा, हे मी त्याला शिकवले. पण मी त्याला काही प्रश्नही लिहून दिले आहेत. ते त्याने संस्थेत प्रवेश घेण्याआधी विचारायचे आहेत. एका वेळी धावपट्टीभोवती किती विमाने सोडली जातात? प्रत्येकात ट्रान्सपाँडर आहे काय आणि तो चालू ठेवण्याचा दंडक आहे काय? आसपासची विमाने दाखवणारे उपकरण शिकाऊ वैमानिकापुढे आहे काय? प्रवासी विमान येण्याच्या वेळी सराव थांबतो की चालू राहतो? मनोऱ्यात त्या वेळी किती माणसे असतात आणि त्यांच्यापुढे उंची दाखवणारा पडदा आहे की नाही? हेच प्रश्न अमरावती-अकोल्याच्या लोकप्रतिनिधींनी आणि वृत्तपत्रांनीही संबंधितांना विचारावेत, अशी माझी विनंती आहे. त्यांची उत्तरे पहिले शिकाऊ विमान उडण्यापूर्वी लेखी मिळाली पाहिजेत.